ग्लेन गूल्ड : एकतिसाव्या वर्षी मैफल सोडलेला पियानोवादक. पटतं का तुम्हाला?

कोमल_ऋषभ

पाश्चात्त्य अभिजात संगीतातलं मला फार कळतं असा दावा नाही. गाणं शिकले, तेही आपलं. पण गेले काही महिने अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन रचनाकाराचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' कानात ठाण मांडून बसलंय, आणि ज्या माणसामुळे बसलं त्याच्याशी माझं भांडण आहे. तो १९८२ सालीच गेला, म्हणून तुमच्याशी भांडते.

ग्लेन गूल्ड. टोरांटोचा, जन्म १९३२. आईकडे पियानो शिकायला सुरुवात, मग तिथल्याच कॉन्झर्वेटरीत (संगीत महाविद्यालयात) आल्बेर्तो गेरेरो या मूळच्या चिलीच्या गुरूंकडे तालीम. जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये वाजवलं आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबिया रेकॉर्ड्सनं करार पुढे केला. त्याच जूनमध्ये त्यानं गोल्डबर्ग ध्वनिमुद्रित केलं. वय बावीस. तोवर हे काम म्हणजे हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वाजवणाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी वाजवायची रुक्ष चीज असा समज होता. १९५६ साली तबकडी आली आणि पोरगा जगभर माहीत झाला.

पुढे आठ-नऊ वर्षं दौरे. आणि १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये वाजवलं ते शेवटचं. वय एकतीस. निरोपाची घोषणा नाही, सत्कार नाही, काही नाही. त्यानंतर मरेपर्यंत अठरा वर्षं फक्त स्टुडिओ, रेडिओ आणि टीव्ही. वर हे तत्त्वज्ञान, की मैफलीचा हॉल ही मरणपंथाला लागलेली गोष्ट आहे, विसावं शतक संपेस्तोवर ती नाहीशी होईल. त्याआधी टाळ्यांवर बंदी घाला म्हणून लेखही लिहिला होता!

माझं मत सांगून टाकते : तो पळाला. समोर माणसं बसलेली असताना चुकण्याची जोखीम घेऊन वाजवणं हेच तर कलावंताचं काम. ते नको म्हणायचं आणि त्याला विचार असं नाव द्यायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला?

मुक्काम_पोस्ट

पहिला नंबर! (लेख नंतर वाचतो.)

टोरांटोकर

आमच्या गावचा माणूस आहे, त्यामुळे बोलणं भाग आहे.

फ्रंट स्ट्रीटवर सीबीसीच्या (कॅनडाच्या सरकारी रेडिओ-टीव्हीच्या) इमारतीबाहेर एका बाकावर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. ओव्हरकोट, टोपी, मफलर, पायावर पाय टाकून निवांत. शेजारी मुद्दाम जागा सोडली आहे, पाहुणे आले की तिथे बसवून फोटो काढतो आम्ही. मागच्या खेपेला आमच्या मावशी बसल्या आणि म्हणाल्या, "उन्हाळ्यात कसला रे कोट घालून बसलाय हा?" मी म्हटलं, मावशी, तो जिवंतपणीही असाच हिंडायचा. भर जुलैत कोट, टोपी, हातमोजे. सर्दीची धास्ती. हस्तांदोलन नको. वाजवण्याआधी हात गरम पाण्यात बुडवून बसायचा.

आणि ती खुर्ची. १९५३ साली वडिलांनी एका घडीच्या लाकडी खुर्चीचे पाय कापून दिले, बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंचांवर. माणूस इतका खाली बसायचा की गुडघे कमरेच्या वर आणि नाक जवळपास पट्ट्यांवर. हीच खुर्ची जगभर बरोबर नेली. शेवटी शेवटी बैठकीचं कापड आणि भुसा सगळं झडून नुसता सांगाडा उरला, तरी त्यावरच बसायचा. ध्वनिमुद्रणात ती करकरते, ऐकू येतं.

पळाला म्हणता, पण कोमलताई, हा माणूस हॉटेल, विमान, अनोळखी गाद्या, अनोळखी जेवण यांत नऊ वर्षं कसा टिकला हेच मला नवल वाटतं. नंतर टोरांटोत रात्रीचा जागायचा, पहाटे एका साध्या खानावळीत जाऊन अंडी खायचा, आणि फोनवर मित्रांना तासन्‌तास पकडायचा. फोन मात्र चालायचा. माणसं समोर नकोत, तारेच्या पलीकडे हवीत.

पेटीवाला

कोमल, शंभर टक्के सहमत.

चाळीस वर्षं साथीला बसतोय. मी ज्यांच्या साथीला बसलो त्यातल्या एकाही गवयाचा यमन दोन रात्री सारखा झाला नाही, आणि तो का झाला नाही याचं निम्मं उत्तर समोरच्या दोन ओळींत असतं. पुढे बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली की गवई त्याच जागेवर परत येतो. ती मान स्टुडिओत कुठून आणायची? काचेपलीकडचा तो मुलगा सॅंडविच खात असतो.

फेडर_वर_करा

तो मुलगा मी. सॅंडविच नाही, वडापाव. :)

पेटीवाले काका, आदर राखून असहमत. तुमच्या आणि त्याच्या संगीतात मुळात फरक आहे. तुमचा गवई तिथल्या तिथे रचतोय. गूल्डपुढे १७४१ साली छापलेला बाख आहे, स्वर ठरलेले. त्याचा प्रश्न होता, की हे स्वर किती तऱ्हांनी समजून घेता येतील? हॉलमध्ये एका रात्री एकच तऱ्हा दाखवता येते आणि तिथे दुसरा टेक नाही. याच गोष्टीचा त्याला राग होता.

त्यानं १९६६ च्या एका लेखात दिलेलं उदाहरण आमच्या धंद्यात अजून सांगतात. बाखच्या 'वेल टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या पहिल्या भागातला ए मायनर फ्यूग, म्हणजे एकच ओळ अनेक आवाज पाठोपाठ उचलून एकमेकांत गुंफतात तशी रचना. दोन टेक उरले, सहावा आणि आठवा. दोन्हींत चूक नाही. पण काही आठवड्यांनी ऐकले तर दोन्ही कंटाळवाणे : सहावा जड, गंभीर, स्वरांना स्वर चिकटलेले, आठवा तुटक आणि उड्या मारणारा. अख्खा फ्यूग एकाच मूडमध्ये चालवल्यावर कंटाळा येणारच. नशिबानं दोन्हींची लय जवळपास एक होती. मग सुरुवात सहाव्यातून, मधले स्वर बदलत जाणारे भाग आठव्यातून, शेवट परत सहाव्यातून. जो फ्यूग तयार झाला तो त्यानं बसून सलग कधीच वाजवला नव्हता, आणि त्याच्या मते तो दोन्हींपेक्षा सरस होता.

याला लबाडी म्हणणाऱ्यांनी सिनेमा बघणं सोडावं.

कोमल_ऋषभ

@फेडर, मग पियानोवादक कोण? तो की कात्री?

फेडर_वर_करा

कात्री कुठे लावायची हे ज्याला कळतं तो. ५५ सालच्या गोल्डबर्गची सुरुवातीची अरिया, म्हणजे ज्या चालीनं ते उघडतं ती, त्यानं वीसेक वेळा वाजवून टाकून दिली, कारण तिच्यात भावना जास्त झाली होती. एकेक टेकमागे तो सजावट काढत गेला. हे हॉलमध्ये कोण करू देईल? वीस वेळा ऐकून घेणारं पब्लिक फक्त आम्ही. पगारी.

मुक्काम_पोस्ट

लेख वाचला. एक बाळबोध शंका. हे 'व्हेरिएशन्स' म्हणजे काय? आपल्याकडची आलापी-तानबाजी?

काळीपांढरी

@मुक्काम_पोस्ट, नाही. आधी एक संथ अरिया, मग ३० रूपं, मग परत तीच अरिया. पण वरची चाल बदलून-बदलून वाजवलेली नाही. खाली खर्जात जे बत्तीस स्वर चालतात आणि त्यावर जी स्वरसंगती (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) उभी राहते तो पाया प्रत्येक वेळी तोच, इमारत दर वेळी नवी. दर तिसरं रूप 'कॅनन' आहे : एक आवाज निघतो, दुसरा थोड्या अंतरानं तीच ओळ म्हणत मागे येतो. शिवाय हे लिहिलंय एकावर एक असे दोन कीबोर्ड असलेल्या हार्पसिकॉर्डसाठी. पियानोला कीबोर्ड एकच. त्यामुळे दोन्ही हात एकाच जागेवर येऊन एकमेकांत अडकतात. मी फक्त पहिली काही रूपं बसवली आहेत आणि डाव्या हाताचं नख उजव्या मनगटावर लागून ओरखडे उठले होते.

मुख्य प्रश्नावर नंतर सविस्तर लिहिते, क्लासला जायचंय.

सासष्टीकर

आमच्या घरात पणजोबांच्या वेळचा उभा पियानो आहे. पावसाळ्यात त्याच्या पोटात एक साधा बल्ब लावून ठेवतात, ओल धरू नये म्हणून. तरी ऑगस्टात दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव घेत नाहीत. ट्यूनर यायचे ते आधी खालचं झाकण काढून आत उंदीर आहे का बघायचे, मग स्वराला हात.

हे सांगायचं कारण : पियानोवाल्याची गोची तुम्ही गाणारे लोक विसरता. गवय्याचा गळा त्याच्याबरोबर येतो. सतारिया सतार मांडीवर घेऊन गाडीत बसतो. पियानोवादकाला दर गावी परका पियानो. कुठे पट्टी जड, कुठे सैल, कुठे पेडल कुरकुरतं. संध्याकाळी मैफल आणि दुपारी तासभर ओळख.

गूल्डला तर पट्ट्या अगदी हलक्या, उथळ लागायच्या. गेरेरोकडची तालीम बोटांची होती, खांद्यातून वजन टाकून ठोकायचं नाही, नुसती बोटं. १९६० च्या सुमाराला टोरांटोतल्या ईटन्स या मोठ्या दुकानात त्याला स्टाइनवे कंपनीचा एक जुना पियानो सापडला, नंबर सीडी ३१८. त्यावर जीव जडला. व्हर्न एडक्विस्ट म्हणून जवळजवळ आंधळे ट्यूनर होते, त्यांनी तो त्याच्या मर्जीप्रमाणे लावून दिला. हातोडे तारांच्या इतके जवळ आणले की १९६४ च्या 'इन्व्हेन्शन्स'च्या तबकडीत मधल्या सप्तकातल्या काही स्वरांना उचकी लागते. ठकठक असा दुहेरी आवाज. हा दोष काढायच्या ऐवजी त्यानं तबकडीच्या वेष्टनावर खुलासा छापला!

१९७१ मध्ये वाहतुकीत तो पियानो कोणीतरी पाडला. दुरुस्त केला, पण पूर्वीसारखा झाला नाही. शेवटचं गोल्डबर्ग त्यानं यामाहावर वाजवलं. आता सांगा, ज्याचं जगात एकाच पियानोशी जमतं त्यानं जगभर फिरायचं कसं?

निखळ_संशयी

सगळे गूल्डच्या कौतुकात वाहत चाललेत म्हणून थोडं उलट.

मे १९५७. युद्धानंतर सोव्हिएत रशियात वाजवायला गेलेला हा पहिला कॅनेडियन पियानोवादक. मॉस्कोत त्याचं नाव कोणाला माहीत नाही, हॉल अर्धाअधिक रिकामा. पूर्वार्धात बाख वाजवला. मध्यंतरात लोक धावत टेलिफोनकडे गेले आणि नातेवाइकांना, मित्रांना बोलावून घेतलं. उत्तरार्धात पाय ठेवायला जागा नाही. पुढे कॉन्झर्वेटरीच्या विद्यार्थ्यांसमोर त्यानं बर्ग, वेबर्न हे विसाव्या शतकातले आधुनिक रचनाकार वाजवले. तिथल्या सरकारला नकोसं असलेलं संगीत ते. काही प्राध्यापक उठून गेले म्हणतात, पोरं बसून राहिली.

हे रेकॉर्डिंगनं झालं असतं? रेकॉर्ड तिथे पोचलीच नसती. मध्यंतरातला तो फोन ज्या माणसानं अनुभवला तो सात वर्षांनी म्हणतो हॉल मेलाय. मला हे कृतघ्नपणाचं वाटतं. कोमल यांच्या 'पळाला'पेक्षा माझा शब्द कडक आहे.

टोरांटोकर

@निखळ_संशयी, मुद्दा तोलामोलाचा आहे. पण त्याच माणसाला प्रेक्षक म्हणजे सर्कशीला आलेली गर्दी वाटायची. हा पडतो का ते बघायला आलेली. तुम्ही मॉस्कोचे फोन धरलेत, त्यानं बाकीच्या रात्री धरल्या.

रविवारची_पुरवणी

१९६२ चं कोणी लिहिलं नाही अजून? कार्नेगी हॉल, एप्रिल, ब्राम्सचा डी मायनर कन्चेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), वाद्यवृंदाचा संचालक लेनर्ड बर्नस्टाइन. गूल्डला तो खूप संथ हवा होता. बर्नस्टाइन वाजवायच्या आधी प्रेक्षकांकडे वळला आणि म्हणाला, तुम्ही आता जे ऐकणार आहात ते मला मान्य नाही, पण हा माणूस विचार करणारा आहे म्हणून साथ करतोय. कन्चेर्तोत मालक कोण, एकल वादक की संचालक, असा प्रश्नही टाकला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी समीक्षकानं सोलून काढलं.

आपल्याकडे तबलजीनं असं माइकवर सांगितलं तर?

पेटीवाला

माइकवर कशाला सांगेल, लय वाढवून सांगेल. :ड

डॉ_निवांत

मागे एका धाग्यावर गूल्डला ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये टाकून झालं होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो : मेलेल्या माणसाचं निदान पुस्तकं वाचून करू नये. त्याच्या पश्चात हे अंदाज बरेच छापले गेलेत. मला त्यात रस नाही.

जे कागदावर आहे तेवढं मात्र खरं. तब्येतीची अतोनात काळजी, औषधांच्या गोळ्यांच्या बाटल्या घेऊन फिरणं, स्वतःचा रक्तदाब मोजून लिहून ठेवणं. १९७७ च्या सुमाराला हाताचा ताबा जाऊ लागला तेव्हा काही काळ ध्वनिमुद्रणं थांबली, आणि त्यानं रोजच्या रोज वहीत नोंदी केल्या, की आज अंगठा असा ठेवला, खांदा तसा. ती वही वाचताना वेडसरपणा नाही दिसत, वैतागलेला कारागीर दिसतो. पन्नासावा वाढदिवस झाल्यावर दोन दिवसांनी पक्षाघात झाला, आणि आठवड्याभरात, ४ ऑक्टोबर १९८२ ला, गेला. म्हणजे ज्या देहाची धास्ती घेतली म्हणून सगळे हसायचे, त्यानं दगा दिलाच.

गुणगुणण्याबद्दल : वाजवताना तो गायचा. लहानपणापासूनची सवय, आईनं वाजवताना गायला शिकवलं होतं. अभियंत्यांनी खूप प्रयत्न केले, थांबलं नाही.

मुक्काम_पोस्ट

खांद्यावरून आठवलं. १९५९ मध्ये स्टाइनवेच्या एका तंत्रज्ञानं त्याच्या खांद्यावर सलगीनं हात ठेवला तर ह्यानं कंपनीवर तीन लाख डॉलरचा दावा ठोकला होता ना? आमचे साहेब रोज थाप मारतात. वकील कोण होता त्याचा?

डॉ_निवांत

होता दावा. नऊ-दहा हजारांवर मिटला. तुमच्या साहेबांकडून चहा घ्या आणि मिटवा.

काळीपांढरी

आता सविस्तर.

मी पियानोच्या ग्रेड परीक्षा दिल्या आहेत, लहान-मोठ्या सभागृहांत वाजवलंय, त्याचं पोट भरण्याइतकं काही झालं नाही. परीक्षेच्या खोलीत एसी मरणाचा, बोटं बर्फ, स्टूल माझ्या उंचीला जास्त आणि खाली करायची कळ अडकलेली. परीक्षक म्हणतात, सावकाश. सावकाश कसलं, छातीत ढोल वाजत असतो. 'जोखीम घेणं हेच कलावंताचं काम' हे वाक्य कोमलताई तुम्ही प्रेक्षकांतून लिहिलंय असं वाटतं. (रागावू नका.)

मोठमोठ्यांची हीच कथा आहे. पियानोवादक होरोविट्झ १९५३ साली मंचावरून गायब झाला तो बारा वर्षांनी, मे १९६५ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये परतला. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही, कारण तो परत आला. पोर्तुगीज पियानोवादक मारिया ज्वाव पिरेसची ती क्लिप बघा, अॅम्स्टरडॅमची. वाद्यवृंद सुरू होतो आणि तिच्या लक्षात येतं की हे लोक मोझार्टचा वेगळाच कन्चेर्तो वाजवताहेत, ती दुसराच तयार करून आलीय. चेहरा पांढरा पडतो, हात कपाळाला. संचालक शायी वाद्यवृंद चालू ठेवून तिला हसत सांगतो, तुला येतो हा, मागच्या मोसमात वाजवलास. आणि ती वाजवते, पाठांतरातून. लाखो लोकांनी ती क्लिप 'काय धैर्य' म्हणून बघितली. मी बघते तेव्हा मला फक्त पहिली दोन मिनिटं दिसतात.

रोज हे. वर्षाला ऐंशी-नव्वद रात्री. करिअर म्हणतात ते हेच असतं.

आणि मोठ्या हॉलचा वीट रशियन पियानोवादक रिख्टरलाही आला होता. त्यानं वेगळी वाट काढली. १९८६ साली, सत्तरी उलटलेला माणूस, सायबेरियातल्या गावागावांतून पियानो वाजवत फिरला. सभागृहात अंधार, फक्त स्वरलिपीवर एक दिवा, म्हणजे लोकांनी त्याच्याकडे न बघता ऐकावं. गूल्डनं लोकांपासून स्वतःला लपवलं, रिख्टरनं लोकांमध्ये बसून लपवलं. मला दुसरं जास्त भावतं, पण पहिलं कळतं.

कोमल_ऋषभ

@काळीपांढरी, रागावले नाही. मीही मंचावर बसलेय, तंबोरा घेऊन का होईना. भीती मान्य. भीती वाटली म्हणून सोडलं असं तो म्हणाला असता तर हा धागाच काढला नसता. त्यानं भीतीचा सिद्धांत केला, माझी तक्रार तिथे आहे.

चहाटळ

सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींचं काय मग? त्यांनीही मैफल सोडली.

पेटीवाला

तो वेगळा विषय, आणि इथे आणू नका, धागा भरकटेल. तरी एवढंच : त्यांनी ध्वनिमुद्रणही करू दिलं नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये शिष्य घडवले. गूल्डनं श्रोते सोडले नाहीत, खुर्च्या सोडल्या. (घ्या, मीच त्याची बाजू घेतली.)

सासष्टीकर

धागा भरकटवायचाच असेल तर नीट भरकटवू.

१९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे हे माहीत असेल. परग्रहावर कोणी भेटलं तर त्यांना ऐकवायला पृथ्वीवरचं संगीत. त्यात गूल्ड आहे : वेल टेम्पर्ड क्लेव्हियरच्या दुसऱ्या भागातला सी मेजर प्रिल्यूड आणि फ्यूग. आणि त्याच तबकडीवर आमच्या फोंड्याजवळच्या केरीची बाई आहे, सूरश्री केसरबाई केरकर. भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांच्या आत.

आता गंमत बघा. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचा तिटकारा. रेडिओवर गायल्या नाहीत. थोड्या तबकड्या निघाल्या तेवढ्याच. अल्लादियाखाँसाहेबांकडून वर्षानुवर्षं घासून घेतलेली विद्या कोणी पानाच्या ठेल्यावर फुकट ऐकावी हे त्यांना मंजूर नव्हतं. गाणं ऐकायचं तर समोर या, नीट बसा. आणि १९६३-६४ च्या सुमाराला त्यांनीही जाहीर गाणं थांबवलं. म्हणजे जवळपास त्याच वर्षी जेव्हा गूल्ड उठला. एकीला यंत्र नको होतं, एकाला माणसं. दोघांना एकाच तबकडीत बसवून सूर्यमालेबाहेर धाडलंय. त्यातलं व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

रविवारची_पुरवणी

हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका प्लीज.

निखळ_संशयी

+१. आणि माझ्या मुद्द्याला बळच मिळालं. मैफलवाल्या बाईचा आवाज शेवटी यंत्रानंच नेला, हे खरं. पण ती साडेतीन मिनिटं ऐकवतात ती मैफलीत कमावलेली आहेत.

फेडर_वर_करा

आणि गूल्डची कमाई कुठली? मैफलीतलीच ना, पहिली नऊ वर्षं. नाही, मी तुमच्या बाजूनं बोलत नाहीये, नोंद करतोय.

दुसरी नोंद : त्याचं भाकीत चुकलं. हॉल जिवंत आहेत. उलट रेकॉर्डचा धंदा मेला. आजचा पियानोवादक ध्वनिमुद्रण करतो ते जाहिरातीसारखं, फुकट ऐका आणि तिकीट काढा. स्ट्रीमिंगचे पैसे येतात त्यात ट्यूनरही येत नाही. गूल्ड आज एकतीस वर्षांचा असता तर मंच सोडणं त्याला परवडलं नसतं. त्याच्यामागे कोलंबिया होती, सीबीसी होती, आणि १९५६ ची खपणारी तबकडी होती.

पण दुसऱ्या अर्थानं चुकलं नाही. त्यानं म्हटलं होतं की ऐकणारा घरी बसून बटणं फिरवील, तुकडे जोडील, स्वतःचं संगीत करील. शेजारच्या पोराच्या मोबाइलमध्ये डोकावून बघा.

टोरांटोकर

रेडिओचं कोणीच बोललं नाही. मंच सोडल्यावर तो रिकामा बसला नव्हता. १९६७ मध्ये सीबीसीसाठी 'द आयडिया ऑफ नॉर्थ' हा कार्यक्रम केला, कॅनडाच्या उत्तरेकडच्या निर्जन मुलखाबद्दल. आगगाडीचा खडखडाट चालू, आणि पाच माणसं आपापलं बोलताहेत, मध्येच एकमेकांवर चढतात, एक आवाज वर येतो, दुसरा खाली जातो. बाखचा फ्यूग, माणसांच्या बोलण्याचा. पहिल्यांदा ऐकताना वाटतं रेडिओ बिघडला. हे काम स्टुडिओशिवाय शक्य नव्हतं, आणि दौऱ्यावर असता तर केलंच नसतं.

अजून एक, निव्वळ माहिती म्हणून : मृत्युपत्रात इस्टेट दोघांना सारखी वाटून दिली. अर्धी गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या सॅल्व्हेशन आर्मीला, अर्धी टोरांटोच्या प्राणी-संस्थेला.

चहाटळ

माणसांना अर्धी दिली हेच खूप.

कोमल_ऋषभ

सगळ्यांचे आभार, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री हा धागा उघडा ठेवून दोन्ही गोल्डबर्ग लागोपाठ ऐकले. १९५५ चं ३८ मिनिटांचं, १९८१ चं ५१ मिनिटांचं.

५५ ची अरिया दोन मिनिटांच्या आत संपते. ८१ ची तीन मिनिटांवर जाते. पहिल्यात पंचविशीही न गाठलेला मुलगा सुटलाय, त्याला पुढे काय आहे ते दाखवायची घाई. दुसऱ्यात प्रत्येक रूप पुढच्याला लय देऊन जातं, सगळी तीस रूपं एकाच ठोक्याच्या हिशेबात बांधल्यासारखी. पेटीवाले काका, आपण विलंबितातून द्रुतात जाताना लयीचं नातं राखतो ना, तसं काहीतरी, पण एक्कावन्न मिनिटं. आणि पंचविसावं रूप, ते रडवेलं, ५५ साली तो सुंदर वाजवतो आणि ८१ साली जवळजवळ वाजवतच नाही, स्वर ठेवत जातो.

माझा प्रश्न होता पळाला का. पळालाच. मंचाबद्दल त्यानं जे लिहिलं त्यातलं निम्मं मला अजूनही बहाणा वाटतं, आणि निखळ_संशयींचा मॉस्कोचा फोन कोणी खोडून काढलेला नाही. पण पळालेली माणसं सहसा दुसरीकडे जाऊन झोपतात. हा सव्वीस वर्षांनी त्याच गल्लीतल्या त्याच स्टुडिओत परत गेला, तीच चीज घेऊन, आणि स्वतःचंच जगप्रसिद्ध उत्तर चुकीचं ठरवून दुसरं देऊन आला. तबकडी आली आणि काही दिवसांत गेला. श्रोत्यांसमोर चुकायची जोखीम त्यानं नाकारली, पण ही जोखीम काही लहान नव्हे. एवढं मी त्याला देते. टाळ्यांच्या बंदीला मात्र माझा विरोध कायम.

पेटीवाला

टाळ्या वाजवून अनुमोदन.

काळीपांढरी

@कोमल_ऋषभ, पंचविसाव्याबद्दल जे लिहिलंय ते मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. विरोध मावळला असं नाही, पण आवडलं.

मुक्काम_पोस्ट

एवढा वाद वाचल्यावर ऐकायला घेतलं. दोनपैकी कुठलं आधी ऐकू हे कोणी सांगितलं नाही म्हणून ८१ चं लावलं. सातव्या रूपाला झोप लागली. हे कोण्या जमीनदाराला झोप येत नव्हती म्हणून लिहिलं असं वाचलं, म्हणजे चीज बरोबर वाजवलीय.

काळीपांढरी

सरदार कायझरलिंकची गोष्ट ती. आख्यायिका आहे, बाख गेल्यावर पन्नासेक वर्षांनी छापलेली. आणि त्यातही रात्र जागून काढताना मन रमावं म्हणून मागितलं होतं, झोपवायला नाही. ५५ चं लावा, ते झोपू देणार नाही. हेडफोन लावा. मागे कोणी गुणगुणतंय असं वाटलं तर फाइल बदलू नका, तोच आहे.

मुक्काम_पोस्ट

ते गुणगुणणं होय! मी उठून बाथरूमचा नळ बघून आलो.